काविळीची वाट पाहू नका: दारूने बिघडलेलं लिव्हर अंगावर कुठे कुठे दिसतं

डिचोली तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय: "माझा थोरला भाऊ ४७ वर्षांचा आहे. वीसेक वर्षं रोज संध्याकाळी घेतो. हंगामात हुर्राक (काजूची पहिल्या धारेची हलकी दारू), एरवी फेणी नाहीतर व्हिस्की. गेल्या सहा महिन्यांत पोट वाढलंय, पण चेहरा उतरलाय. आई म्हणते गॅस आहे. दादा म्हणतो, दोन वर्षांपूर्वी एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) नॉर्मल आली होती आणि डोळे काही पिवळे नाहीत, म्हणजे लिव्हर ठीक आहे. आम्हाला घरच्या घरी काय ओळखता येईल?"

ताई, तुम्ही लिहिलेल्यातलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं: पोट वाढलंय, पण चेहरा उतरलाय. गोव्यात इतकी वर्षं लिव्हरचे रुग्ण बघतेय, आणि घरच्यांच्या तोंडून हेच वाक्य फार वेळा ऐकलंय. माणूस साधा जाड होतो तेव्हा सगळीकडून भरतो, गाल, दंड, मांड्या, पोट. इथे उलटं होतं. दंड बारीक होतात, खांद्याची हाडं वर येतात, कानशिलाजवळ खळगा पडतो, आणि पोट तेवढं पुढे येतं. वजनकाट्यावर मात्र फरक दिसत नाही, कारण जेवढं मांस झडलं तेवढं पाणी साचलेलं असतं. म्हणून "वजन तेवढंच आहे" हे ऐकून निश्चिंत होऊ नका. तीन-चार वर्षांपूर्वीचा चतुर्थीचा फोटो काढा, त्यातला दादा आणि आजचा दादा शेजारी ठेवून बघा. कानशिलं, मान, दंड एवढंच बघा. रोज डोळ्यांसमोर असलेल्या माणसात हा बदल कळत नाही, फोटोत लगेच कळतो. आणखी एक करून बघा. खुर्चीवर हात न टेकता पाच वेळा उठायला-बसायला सांगा. सत्तेचाळिसाव्या वर्षी हे जड जात असेल तर मांड्यांचं मांस गेलंय.

आता दादाच्या म्हणण्याकडे येते. कावीळ नाही म्हणजे लिव्हर ठीक, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की त्यापायी माणसं वर्षानुवर्षं उशिरा येतात. लिव्हरला स्वतःला वेदना फारशी कळत नाही, आणि अर्ध्याहून जास्त बिघडलं तरी उरलेला भाग काम ओढत राहतो. रोज भरपूर पिणाऱ्यांपैकी दहात नऊ जणांच्या लिव्हरमध्ये चरबी साठते. त्यातल्या बहुतेकांना काहीही जाणवत नाही, फार तर उजव्या बरगडीखाली जडपणा आणि सततचा थकवा. काहींच्या लिव्हरला पुढे सूज येते. आणि वर्षानुवर्षं जास्त पिणाऱ्यांतल्या साधारण १० ते २० टक्के लोकांचं लिव्हर आक्रसून गाठीगाठींचं होतं, त्याला सिरॉसिस म्हणतात. म्हणूनच प्रत्येक वाड्यावर एक म्हातारा असतो, जन्मभर प्याला आणि काही झालं नाही असा, आणि दादासारखे लोक त्याचंच उदाहरण देतात. तो त्या उरलेल्यांतला असतो. आपण कुठल्या गटात आहोत हे आधी सांगणारी कुठलीही तपासणी नाही. मधुमेह किंवा लठ्ठपणा जोडीला असेल तर धोका वाढतो. बायकांना कमी दारूने, कमी वर्षांत हेच होतं, आणि त्या लपवून पितात म्हणून आणखी उशिरा कळतं.

डोळे बघायचे असतील तर नीट बघा. ट्यूबलाइटखाली किंवा पिवळ्या बल्बखाली काही कळत नाही. सकाळी अंगणात, उजेडात उभं करा, खाली बघायला सांगा, वरची पापणी अलगद उचला आणि वरचा झाकलेला पांढरा भाग बघा. कावीळ असेल तर तो सगळा सारखा पिवळा दिसतो. समुद्रावर, शेतात किंवा दिवसभर उन्हात गाडी चालवणाऱ्यांच्या बुबुळाच्या दोन्ही बाजूंना पिवळट-तपकिरी ठिपके येतात, ती कावीळ नव्हे. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा रंग, साधारण १ पर्यंत नॉर्मल असतं, पण डोळ्याला पिवळेपणा दिसायला ते अडीच-तीनपर्यंत जावं लागतं. त्याआधी लघवी गडद होते. भरपूर पाणी पिऊनही दिवसभर लघवी चहाच्या रंगाची येत असेल तर तेवढ्यावर तपासायला जावं.

इथे दुसरी बाजूही सांगते. पावसाळ्यात आपल्याकडे दूषित पाण्यातून हेपॅटायटिस ए आणि ई होतो, शेतात-चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) होतो, त्यातही कावीळ दिसते. पिणाऱ्याची प्रत्येक कावीळ दारूचीच असेल असं धरून बसू नये. पण रोज पिणाऱ्याला ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं आणि काही दिवसांत वाढत गेलेली कावीळ असं एकत्र आलं, तर दारूमुळे लिव्हरला तीव्र सूज आलेली असू शकते. तिच्या गंभीर प्रकारात महिन्याभरात जीव जाण्याचा धोका मोठा असतो. तिथे घरी थांबायचंच नाही.

पोटाबद्दल तुम्ही विचारलंच आहे. गॅसचं पोट जेवणानंतर फुगतं आणि सकाळी उतरतं. चरबीचं पोट चिमटीत धरता येतं आणि उभं राहिलं की खाली लोंबतं. पाण्याचं पोट दिवसरात्र तेवढंच राहतं आणि आठवड्या-आठवड्याने वाढतं. उताणं झोपवलं की दोन्ही कुशी बाहेर फुगतात, बेंबी सपाट होते किंवा बाहेर येते. बेंबीचा हर्निया नव्याने दिसू लागला तरी आत पाणी असेल का हा प्रश्न विचारायलाच हवा. डॉक्टरच्या हाताला पाणी कळायला ते साधारण दीड लिटर साचावं लागतं. सोनोग्राफीत १०० मिलीही दिसतं, म्हणून शंका आली की सोनोग्राफी. तोवर घरी शिंप्याच्या टेपने रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, बेंबीवरून पोट मोजा आणि वजन लिहून ठेवा. ही वही डॉक्टरला फार उपयोगी पडते. आठवड्यात दोन किलो वाढले तर ती चरबी नव्हे. आणि पाणी झालेल्या पोटात दुखू लागलं किंवा ताप आला, तर त्या पाण्यात जंतू शिरलेले असू शकतात, त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं.

पायांची परीक्षा सोपी. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या वर, अंगठा दहा सेकंद दाबून धरा. काढल्यावर खड्डा राहिला तर सूज आहे. मात्र सूज हृदयाने, मूत्रपिंडानेही येते, आणि ब्लडप्रेशरच्या अम्लोडिपिन गोळीनेही येते. ती गोळी आपल्याकडे घरोघरी चालू असते, तेव्हा दादा घेतो का हे आधी बघा.

त्वचेच्या खुणा घरच्यांच्या नजरेतून हमखास सुटतात, कारण त्या दुखत नाहीत. छाती, मान, खांदे, दंड एवढ्याच भागात बघा. मध्ये एक लाल टिंब आणि त्यातून चहूकडे फाकलेल्या बारीक लाल रेषा. पेनच्या टोकाने मधलं टिंब दाबलं की सगळ्या रेषा पुसल्या जातात, सोडलं की मधून बाहेर पुन्हा भरतात. असं एखादं निरोगी माणसातही, गरोदर बाईतही असतं. पाच-सहा दिसले तर मी लिव्हरचा विचार करते. सावळ्या अंगावर ते शोधावे लागतात, म्हणून बनियन काढून, उजेडात बघा. तळहातावर अंगठ्याखालचा आणि करंगळीखालचा उंचवटा लाल आणि मधला भाग नेहमीसारखा, हीही त्याच जातीची खूण. नखं दुधाळ पांढरी होतात. अनामिका आणि करंगळी तळव्याकडे ओढली जाऊन सरळ होत नाहीत, पण ते मधुमेहातही होतं, तेवढ्यावर काही ठरवू नये.

पुरुषांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती कुणी बोलत नाही. लिव्हर बिघडलं की शरीरातली स्त्री आणि पुरुष संप्रेरकं विस्कटतात. स्तनाग्रांखाली गाठ येते, ती दुखते. छातीवरचे, काखेतले केस विरळ होतात, दाढी रोज करावी लागत नाही. कामेच्छा जाते. माणूस लाजेने चारचौघांत शर्ट काढणं सोडतो. हे तुम्ही बहीण म्हणून विचारू शकणार नाही, पण वहिनीला माहीत असतं. तिच्याशी एकट्याने, शांतपणे बोला. बरेचदा घरातल्या बाईने सहा महिन्यांपूर्वीच सगळं पाहिलेलं असतं आणि तिला कुणी विचारलेलंच नसतं.

थोडं आपटलं तरी मोठं काळंनिळं होणं, दात घासताना हिरड्यांतून रक्त, नाकातून रक्त. रक्त गोठवणारे घटक लिव्हर बनवतं, ते कमी पडतात, आणि प्लीहा मोठी होऊन प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या पेशी) अडकवून ठेवते, म्हणून असं होतं.

सगळ्यात जास्त चुकीचा अर्थ लावला जातो तो डोक्यातल्या बदलांचा. आतड्यात तयार होणारा अमोनियासारखा कचरा लिव्हरने साफ केला नाही की तो मेंदूपर्यंत जातो. सुरुवात झोपेपासून होते. रात्रभर टक्क जागा, दुपारी जेवताना डुलक्या. मग चिडचिड, विसरणं, दुकानात सुट्टे पैसे मोजताना चुकणं, सही बदलणं. रोज एका कागदावर नाव, तारीख लिहून घ्या आणि पाच टोकांची चांदणी काढायला सांगा. चार दिवसांचे कागद शेजारी ठेवले की घसरण दिसते. दोन्ही हात पुढे करून, मनगटं मागे वळवून, बोटं फाकून अर्धा मिनिट धरायला सांगा. हात मधूनच गळून पडतात आणि पुन्हा वर येतात, असं होत असेल तर तो दारू सुटल्याचा थरथराट नव्हे. दारू सुटल्याचा थरथराट बारीक आणि सततचा असतो, शेवटच्या पेगनंतर काही तासांत सुरू होतो, घामासोबत येतो. घरचे म्हणतात, "आज थेंब घेतला नाही, तरी प्याल्यासारखा बरळतोय." हे वाक्य कुणाच्याही तोंडून आलं तर त्याला झोपू देऊ नका, इस्पितळात न्या. यामागे नुसता बद्धकोष्ठ असू शकतो, झोपेची गोळी असू शकते, आत कुठे रक्तस्राव असू शकतो, किंवा न जेवता पिण्याने साखर उतरलेली असू शकते. यातलं बरंचसं वेळेत पोचलं तर सुधारतं.

रक्ताची उलटी, किंवा डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शी झाली तर वाट न बघता १०८ ला फोन करा. लिव्हर कडक झालं की त्यातून रक्त पुढे जात नाही, अन्ननलिकेच्या तळाशी शिरा फुगतात आणि फुटतात. तोवर त्या माणसाला एकही लक्षण नसू शकतं, कित्येकांचा सिरॉसिस पहिल्यांदा कळतो तो असाच. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ती चिकट नसते आणि चक्कर, घाम, धाप येत नाही.

आता त्या दोन वर्षांपूर्वीच्या एलएफटीबद्दल. ती आज काहीच सांगत नाही, आणि आजची नॉर्मल आली तरी लिव्हर ठीक असेलच असं नाही, कारण सिरॉसिसमध्येही एन्झाइम नॉर्मल असू शकतात. मी रिपोर्टमध्ये आधी प्लेटलेट बघते, दीड लाखाच्या खाली आहेत का. मग अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रथिन), आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), बिलिरुबिन. एएसटी आणि एएलटी ही त्यातली दोन एन्झाइम. एएसटी हे एएलटीच्या दुपटीहून जास्त असेल तर दारूकडे बोट जातं, आणि दारूच्या आजारात एएसटी सहसा ३००-४०० च्या पुढे जात नाही. हजारांत गेलं तर दुसरं काहीतरी शोधायचं. सीबीसीमध्ये (रक्तपेशींच्या तपासणीत) एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा आकार, १०० च्या वर असेल तर तेही लक्षात घ्यावं. जोडीला सोनोग्राफी, हेपॅटायटिस बी आणि सीची तपासणी, जमल्यास फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी), आणि सिरॉसिस निघाला तर अन्ननलिकेतल्या शिरा बघायला एंडोस्कोपी. हे सगळं बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात होतं, सुरुवातीच्या तपासण्या म्हापसा-मडगावच्या जिल्हा इस्पितळातही होतात. दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेचं) असेल तर सोबत ठेवा.

डॉक्टरला किती पितो ते खरं सांगा. "हुर्राक हलका, तो दारूत धरायचा नाही," असं मला आजही ऐकवलं जातं. हिशेब साधा आहे. फेणीचा ६० मिलीचा एक पेग म्हणजे साधारण २० ग्रॅम अल्कोहोल. हुर्राक १५ टक्क्यांच्या आसपास धरला तर २०० मिलीच्या ग्लासात २३-२४ ग्रॅम, आणि लिम्का घालून तो ग्लासावर ग्लास जातो. मोठी बिअरची बाटली साधी असेल तर २५ ग्रॅम, स्ट्राँग असेल तर ४० च्या घरात. रोजचे ३० ग्रॅम ओलांडले की पुरुषाच्या लिव्हरचा धोका वाढू लागतो, बायकांचा त्याआधीच. फेणी गावची, काजूची, म्हणून ती लिव्हरला सोसते असं मुळीच नाही.

पण ताई, हे वाचून आज रात्रीपासून बाटली लपवू नका. वीस वर्षं रोज पिणाऱ्याची एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास, बडबड, ताप असा जीवघेणा प्रकार होऊ शकतो. श्रावण पाळायला म्हणून एका दिवसात सोडणाऱ्यांचं हेच होतं, आणि घरचे त्याला भुताटकी समजून देवळात नेतात. सोडायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, थायमिनच्या (बी-१ जीवनसत्त्वाच्या) इंजेक्शनसकट. बांबोळीलाच मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था आहे, तिथे व्यसनमुक्तीचे उपचार होतात. आणि दोघांचं एकत्र चालायला हवं, लिव्हरचं औषध आणि दारू सोडण्याचं. नुसतं पोटातलं पाणी काढून घरी पाठवलेला माणूस त्याच बारसमोरून घरी जातो. समुपदेशनाचा उपयोग होतो का अशी शंका असेल तर गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगत' या संस्थेने याची रीतसर चाचणी घेतली होती. गावातल्याच प्रशिक्षित, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांशी काही बैठका झालेल्या पुरुषांत दारू थांबवणारे जास्त निघाले. ते निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आले.

तोवर घरात काही गोष्टी बंद ठेवा. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन नको, त्याने रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंड बसतं. पॅरासिटामॉल लागलंच तर दिवसाला २ ग्रॅमच्या आत, डॉक्टरला विचारून. झोपेची गोळी नको. काविळीचं गावठी औषध, नाकात घालायचा रस, गुळवेलीचे काढे नकोत, गुळवेलीनेही लिव्हरला इजा झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत. आणि कृपा करून त्याला महिनाभर नुसत्या पेजेवर ठेवू नका. झडणाऱ्या अंगाला प्रथिनं लागतात. मासे, अंडी, डाळ, मूग रोज द्या, आणि रात्री झोपताना काहीतरी खायला द्या, रात्रभरचा उपास त्याचं मांस खातो. मीठ मात्र कमी. सुके बांगडे, खारं, लोणचं, पापड पोटात पाणी असलेल्या माणसाच्या ताटात नकोत. कालवं, खुबे, तिसऱ्या पूर्ण शिजवूनच. अर्धकच्च्या शिंपल्यांतला किंवा खाऱ्या पाण्यातून जखमेत शिरणारा एक जंतू सिरॉसिसच्या रुग्णाला दोन-तीन दिवसांत नेऊ शकतो.

नुसतीच चरबी असेल तर दारू थांबवल्यावर काही आठवड्यांत लिव्हर पूर्ववत होतं. सिरॉसिस होऊन पाणी भरलेल्यांचंही, दारू पूर्ण सुटली तर, काही महिन्यांत पाणी आटलेलं आणि दंड भरलेले मी पाहिलेत. म्हणून "आता काय उपयोग" असं दादाला म्हणू देऊ नका.

त्याला लिव्हरसाठी चल म्हटलं तर येणार नाही. पोट मोजलेली वही दाखवा, पोट आणि पाय दाखवायला चल म्हणा. सकाळी घेऊन जा, त्याने घेण्याआधी. वहिनीला सोबत न्या. चालू गोळ्यांची पाकिटं, जुने रिपोर्ट आणि ते चांदणी काढलेले कागद पिशवीत ठेवा. आत गेल्यावर तो "थोडी घेतो" म्हणेल. तेव्हा वहिनीने शांतपणे सांगावं: किती, रोज, किती वर्षं, आणि शेवटची कधी घेतली.